न मागितलेलं बी

शहापुरात हरडसरांच्या शेजारी बिऱ्हाड मिळणं म्हणजे नशीबच, निदान विरजणाच्या बाबतीत तरी. दिवेलागणीनंतर घरातलं दही-मीठ बाहेर देऊ नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शेजारच्या ताराबाई नेमक्या त्याच वेळी वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि सर खुर्चीतून उठून, बायकोच्या डोळ्याला डोळा न भिडवता, भांड्यातलं शेवटचं चमचाभर दही त्यांच्या वाटीत घालायचे. वनितावहिनी धुमसायच्या. "आता आपल्या दुधाला काय लावू? तुमचं केमिस्ट्रीचं पुस्तक?" सरांचं उत्तर ठरलेलं असे. "सकाळी त्यांच्याकडनंच माग की."

वहिनींना वाटायचं, नवरा भोळा आहे. भोळा कसला! जयराम धाकलू हरड हा माणूस आयुष्यात एकदा, एकदाच, चिमूटभर वस्तू द्यायला नाही म्हणाला होता. त्याची किंमत तो अजून चुकवत होता, आणि ती वस्तू दही नव्हती, एवढंच. वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना फक्त इतकं सांगितलं होतं की मुलगा मुंबईला डॉक्टरेट करत होता, ती राहिली, आता ज्युनियर कॉलेजात शिकवतो. राहिली म्हणजे का राहिली, हे विचारण्याइतका वेळ लग्नाच्या बोलणीत कोणाला असतो?

जयराम मूळचा मुरबाड तालुक्यातला. मुरबाडहून सिद्धगडाच्या अंगाला एसटी जाते, त्या वाटेवरचं गाव. घरची भातशेती, जमीन बेताची. पण त्याच्या आईचं, धोंडूबाईचं, बियाणं पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. शेतातल्या उभ्या पिकातून ती एकेक लोंबी डोळ्यांनी पारखून काढायची, वेगळी झोडायची, वाळवायची आणि निरगुडीचा पाला घालून कणगीत भरायची. पावसाआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस आले की बायका सूप काखेत मारून तिच्या अंगणात यायच्या. जयरामला लहानपणापासून आठवायची ती सिद्धगडाखालच्या पाड्यावरची सकुबाई. दर तीन-चार वर्षांनी ती यायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, "आक्का, बी दे गो. आमचं बिघाडलं." धोंडूबाई कणगीत हात घालायची.

या देण्याघेण्याला एक रीत होती. बी मागितलं तर नाय म्हणायचं नाय, कणगीच्या तळाला आलं असलं तरी नाय. आणि कोणी मागितल्याशिवाय बी घेऊन कोणाच्या दारात जायचं नाय. न मागता बी नेलं तर त्याचा अर्थ, तुझं शेत फसलं हे मला कळलंय, असा व्हायचा. तेवढ्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं गावाने पाहिलं होतं. एका साली घरात कमी उरलेलं असताना आईने सकुबाईला दोन ओंजळी दिल्या, तेव्हा जयराम रागावला होता. आई म्हणाली, "अरे, चार घरांत असलं म्हंजे एका घरातलं मेलं तरी फिकीर नाय. आपण जाऊ तिच्याकडं." जयरामने तेव्हा मान डोलावली, आणि पुढे शिकून शहाणा झाल्यावर हे सगळं विसरला.

शिकला मात्र झकास. एम.एस्सी.ला चांगले मार्क पडले आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत केळुसकरसरांच्या हाताखाली त्याला जागा मिळाली. विषय होता फॉस्फरसचा. फॉस्फरस म्हटलं की घरच्यांना आठवायची उंदराची गोळी आणि भातावर मारायचं औषध. त्याच्या बापाने, धाकलूने, तर सरळ विचारलं, "वीख करायला शिकवतात काय रं तिथं?" जयरामने बापाला समजावलं. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांची हुबेहूब नक्कल करता येते, फक्त एका टोकाला कार्बनच्या जागी फॉस्फरस बसवायचा. रोगजंतू आपल्या पेशीची भिंत बांधायला खरं आम्ल शोधत येतो, त्याला ही नक्कल सापडते आणि त्याचं काम अडतं. अशा नकलांतून औषधं निघतात. धाकलू म्हणाला, "म्हंजे जंतूला फसवायचं. मग बरं हाय."

यातला खरा पेच वेगळा होता, आणि तो जयरामने बापाला सांगितला नाही. अशा रेणूंची दोन रूपं होतात, उजव्या आणि डाव्या पायातल्या चपलेसारखी. जंतू फसतो तो एकाच रूपाला. दुसरं बनवून उपयोग नाही. पण फ्लास्कात दोन्ही एकदमच बनतात, आणि त्यांना वेगळं करण्यात माणसाचा जन्म जातो. केळुसकरसरांच्या प्रयोगशाळेत सगळे तेच करत होते: काचेच्या लांब नळीत पांढरी भुकटी भरायची, वरून मिश्रण ओतायचं आणि थेंबथेंब वेगळं होताना बघत बसायचं. दिवस जायचा आणि हाती यायचं चिमूटभर. शिवाय या कामात जो फॉस्फाइट नावाचा द्रव लागायचा, त्याचा वास असा की शनिवारी एसटीत जयरामच्या शेजारची जागा रिकामी राहायची. धोंडूबाई त्याचे कपडे अंगणातच काढून घ्यायची.

जयरामने बेत केला तो नळी टाळण्याचा. फॉस्फाइटच्या जोडीला जे दुसरं रसायन, अमाइन, लागतं तेच आधीपासून एका रूपाचं, नुसत्या उजव्या चपलेसारखं, घ्यायचं, म्हणजे होणारी दोन रूपं एकमेकांचं प्रतिबिंब राहणार नाहीत, आणि त्यांतलं एक थंडीत आपोआप स्फटिक होऊन खाली बसेल, अशी त्याची कल्पना. कल्पना नवी नव्हती, पण या रेणूवर कोणी करून दाखवली नव्हती. आणि होतही नव्हती. दोन वर्षं त्याच्या फ्लास्कात काकवीसारखा पिवळा चिकट ऐवज सोडून काही आलं नाही. सर त्याच्या टेबलाजवळून जाताना काही बोलत नसत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत तो भात झोडायला गावी गेला. जाताना एक फ्लास्क बुचासकट तसाच थंड कपाटात विसरला. परत आला तर काकवीच्या तळाशी पांढऱ्या सुयांचा झुबका. कशाने झालं, कोणास ठाऊक. अशा गोष्टी पहिल्यांदा कशाने होतात ते कोणालाच नीट सांगता येत नाही. पण एकदा झाल्यावर मात्र रस्ता सोपा असतो. त्यातली एक सुई उचलून नव्या काकवीत टाकली की तिच्याभोवती दुसऱ्या जमतात, आणि जमतात त्या नेमक्या एकाच रूपाच्या. सकाळपर्यंत अर्धा फ्लास्क पांढरा. नळी नको, भुकटी नको. त्या पहिल्या सुईला प्रयोगशाळेत इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थही बीच होतो, हे जयरामला माहीत होतं. तो मनात बीच म्हणायचा.

त्याच प्रयोगशाळेत रेश्मा होती. पडघ्याची, आगरी घरातली, त्याच्याहून दोन वर्षं मागे. आपल्या भागातली दोघंच असल्यामुळे ती त्याला जयरामदादा म्हणायची आणि घरून सुक्या जवळ्याची चटणी आणली की आधी त्याच्यापुढे डबा सरकवायची. तिचा रेणू जयरामच्या रेणूचा चुलतभाऊ, आणि तिच्याकडेही नुसती काकवीच. एके दुपारी ती रिकामी कुपी घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "दादा, थोडं बी दे ना. माझ्यात टाकून बघते. लागलं तर लागलं."

जयरामच्या हातात तेव्हा भरलेली कुपी होती, ती त्याने कोटाच्या खिशात सरकवली. मनात काय काय आलं! पुढच्या महिन्यात सरांना निकाल दाखवायचा होता. हिचं आधी जमलं तर? सर हिचंच नाव पुढे करतील. आपण दोन वर्षं काकवी ढवळली आणि हिला चिमटीत सगळं मिळणार. तो म्हणाला, "संपलं गो. शेवटचं होतं ते काल वापरलं."

रेश्माने त्याच्या खिशाकडे पाहिलं नाही. "बरं," म्हणाली आणि कुपी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी डबा सरकवायला ती विसरली नाही. यामुळे जयरामला उलट जास्तच लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस आणखी मूर्खपणा करतो. मे महिन्यात प्रयोगशाळा रंगवायची होती, सगळे सुट्टीवर जाणार होते. संपलं म्हणून सांगितलेली वस्तू नावासकट कोणाला दिसू नये, म्हणून जयरामने उरलंसुरलं सगळं त्या एकाच कुपीत भरलं, तिच्यावरची चिठ्ठी खरवडून काढली आणि ती मागच्या फडताळात, कोणी हात घालणार नाही अशा रिकाम्या बाटल्यांच्या रांगेत ठेवून दिली. आणि राब भाजायला गावी निघून गेला.

परत आला तो भिंती पांढऱ्या, टेबलं धुतलेली, सगळीकडे नव्या रंगाचा वास. फडताळ रिकामं. सफाईच्या माणसांना सूचना होती: ज्यावर नाव नाही ते टाकून द्यायचं. सूचना योग्यच होती. कुठल्या बाटलीत काय आहे ते माहीत नसताना ती ठेवणार कोण?

जयरामने नव्याने काकवी केली. बर्फात ठेवली, काचेला आतून दांडीने खरवडून पाहिलं, दिवाळीत केलं तसं विसरल्यासारखं करून पाहिलं. काही नाही. सगळी खोली अशी धुतली गेली होती की कुठे एक कणसुद्धा उरला नव्हता. पुढचं वर्ष त्याने त्यातच घालवलं. या काळात रेश्मा दोन टेबलांपलीकडे उभी असायची. कितीदा तरी ती काम थांबवून त्याच्याकडे बघायची, आणि त्याने मान वर केली की परत खाली बघायची. जयरामला वाटायचं, हिला माझं खोटं कळलंय आणि ही मनातून हसतेय. तिच्याशी या विषयावर बोलायची सोयच नव्हती. संपलं म्हणून सांगितलेलं हरवलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

अखेर केळुसकरसरांनी त्याला बोलावलं. चांगला माणूस होता तो, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "जयराम, जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते आपण लिहू शकत नाही. तुझ्यावर विश्वास आहे माझा. पण माझ्या विश्वासावर दुसऱ्या कोणाच्या फ्लास्कात स्फटिक होणार नाहीत." जयराम उठला. दोन हजार साली त्याने संस्था सोडली. त्याच्यानंतर काही महिन्यांनी रेश्माही गावातल्याच मुलाशी लग्न करून, काम अर्धं टाकून पडघ्याला परत गेली, असं कोणीतरी सांगितलं. तो शहापुरात नोकरीला लागला. मुलांना परीक्षानळीतलं मीठ ओळखायला शिकवू लागला. मुलं त्याला चांगला मास्तर म्हणायची, आणि तो होताही. पण स्फटिकांचा धडा आला की तो पटकन उरकायचा.

दोन हजार पाच सालच्या जुलैतला पाऊस कोणाला आठवत नाही? धोंडूबाईच्या लावणी केलेल्या शेतावर ओढ्याने गुडघाभर वाळू आणून टाकली. त्या साली घरात भाताचा दाणा आला नाही. खायचं विकत आणता येतं, पण धोंडूबाईचं बी कुठल्या दुकानात मिळणार? पुढच्या उन्हाळ्यात जयराम सुट्टीला घरी गेला, तर आई लुगडं नेसून, सूप काखेत मारून तयार. "चल, सकूकडं जाऊ." तिचं वय झालं होतं, चढण सोसत नव्हती. जयराम म्हणाला, "तू कशाला? निरोप धाडू, ती आणून देईल." आई त्याच्याकडे बघतच राहिली. "ती कशी आणील? मागायला नको?"

सिद्धगडाखालच्या पाड्यावर पोचायला दुपार झाली. सकुबाईने लांबूनच पाहिलं, पण ती पुढे झाली नाही, ओट्यावरच उभी राहिली. धोंडूबाई उंबऱ्याबाहेर थांबली, धाप आवरली आणि सूप पुढे धरलं. "सकू, बी दे गो. आमचं वाहून गेलं." एवढंच. आवाजात ना कमीपणा, ना केलेल्या उपकारांची आठवण. सकुबाईचे डोळे भरून आले. "आक्का, मी सगळी बेगमी करून बसलेय. म्हटलं कवा येशील. पर तू येशील तवाच ना." आणि तिने जे बी ओतलं ते धोंडूबाईचंच होतं, बारीक, वासाचं, लोंबी लोंबी पारखलेलं.

उतरताना जयराम आईच्या मागे चालत होता आणि त्याला एकाएकी दोन टेबलांपलीकडे उभी राहिलेली रेश्मा दिसली. हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघणारी. ती हसत नव्हती, सकूसारखी वाट बघत होती. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तो पडघ्याला गेला. घर विचारत विचारत सापडलं. रेश्मा दहावी-बारावीच्या शिकवण्या घेत होती. ओटीवर मुलांच्या चपलांचा ढीग होता. मुलं गेल्यावर तिने चहा ठेवला, आणि चहा उकळायच्या आत जयराम उभ्यानेच बोलला, कारण बसलो तर जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. "रेश्मा, मी खोटं बोललो होतो. बी होतं माझ्याकडं. नंतर ते गेलं. तुझ्याकडं हाय का? असलं तर दे."

रेश्माने गॅस बंद केला. फ्रीज उघडून, आल्या-मिरच्यांच्या डब्यामागून तिने एक छोटी कुपी काढली आणि त्याच्या हातात दिली. कुपीवर चिकटपट्टीखाली तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'जयरामदादाचं बी'.

"तू संपलं म्हणालास ना, त्याच दिवशी तुझ्या कचऱ्यातल्या गाळणकागदावर चार सुया दिसल्या," ती म्हणाली. "घेतल्या. माझ्या रेणूला त्या लागल्याच नायत, फुकट गेलं सगळं. मग उरलेल्यांवरून तुझ्याच पद्धतीनं थोडं वाढवून ठेवलं. माझ्या खणात होतं. नाव होतं म्हणून टाकलं नाय कोणी."

जयरामने कुपी उजेडाकडे धरली. आत सुया नव्हत्या. पिवळी काकवी होती, कुपी कलली की सावकाश एका बाजूला जाणारी.

"गेल्या वर्षी पाणी घरात आलं," रेश्मा म्हणाली. "आठवडाभर लाइट नाय. सामान गच्चीवर नेलं, पाऊस थांबल्यावर वर पत्रा तापला. वितळलं. आधी सात वर्षं चांगलं होतं, दादा. तुला काय सांगू, अगदी चांगलं होतं."

"तेव्हा का दिलं नाहीस?" जयराम म्हणाला. "वर्षभर मी तिथं मरत होतो. तू बघत होतीस."

"तू मागितलं कुठं?" आता तिला रडू आवरेना. "मी काय करायचं होतं? तुझं गेलंय, हे घे, म्हणून तुझ्या टेबलावर नेऊन ठेवायचं? आमच्याकडं न मागता बी घेऊन कोणाच्या दारात नाय जात. तुमच्याकडं जातात?"

"नाय," जयराम म्हणाला. "आमच्याकडंबी नाय जात."

"आज मागशील, उद्या मागशील, म्हणून मी रोज वाट बघायचे. शेवटी तू गेलास तेव्हा रागच आला. म्हटलं, एवढा कसला ताठा!" तिने डोळे पुसले. "आणि मी तरी काय, चोरूनच घेतलं होतं ना. तेही तोंडातून निघत नव्हतं."

चहा तसाच गार झाला. निघताना तिने कुपी परत मागितली नाही.

कॉलेज उघडल्यावर हरडसरांनी कुपी तिथल्या प्रयोगशाळेत नेली. बर्फात ठेवली, काचेला आतून दांडीने खरवडलं, पुष्कळ दिवस वाट पाहिली. काकवीची काकवीच राहिली. मग त्यांनी ती घरी आणून फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे ठेवली, आणि वहिनींनी हे काय म्हणून विचारल्यावर पहिल्यांदाच सगळं सांगितलं, दिवाळीतल्या झुबक्यापासून पडघ्याच्या गार चहापर्यंत. वहिनी भांडी आवरायची थांबून ऐकत होत्या. सांगून संपलं तशी बाहेर दिवेलागण झाली आणि ताराबाई वाटी घेऊन दारात आल्या. सर उठायच्या आत वहिनीच उठल्या, भांडं काढलं आणि तळाचं दही खरवडून त्यांच्या वाटीत घातलं.

ताराबाई गेल्यावर त्या फ्रीजपाशीच उभ्या राहिल्या. कुपीवरचं नाव त्यांनी पुन्हा वाचलं. "आणि तेव्हाच मागितलं असतंत तर?"

"मिळालं असतं," सर म्हणाले. "त्याच दिवशी मिळालं असतं."